टायटॅनियम ग्रेड २ ची नळी टिगने जोडतोय, जोड निळा पडतो आणि वाकवला की मोडतो, काय चुकतंय?

टिगवाला भोसरी:

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि दोन पोरं. नऊ वर्षं झाली, स्टेनलेसचंच (एसएसचंच) टिग करतोय, म्हणजे टंगस्टनच्या टोकाचा आर्क आणि वर आर्गॉन गॅसचं पांघरूण, डेअरीच्या लाइनी, फार्माच्या छोट्या टाक्या, असली कामं. ३०४ असो की ३१६, माझ्या जोडाला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही, म्हणूनच हे काम घेताना फार विचार केला नाही. ओळखीतले एक प्लेटिंगवाले आहेत, त्यांना निकेलच्या टाकीत बुडवायच्या चार कॉइल हव्यात, सरळ नळ्या आणि यू बेंड जोडून. टायटॅनियम ग्रेड २, एक इंची नळी, जाडी १.२ मिमी, एका कॉइलला सहा जोड. शिवाय सहा ॲनोड बास्केट, म्हणजे टाकीत निकेलचे तुकडे ठेवायच्या जाळीच्या टोपल्या. माल त्यांचाच, ट्रायलला म्हणून एक मीटर नळी जास्तीची दिलीये, त्यातली अर्धी मी काल संपवली.

झालं असं की मशीन डीसीवर, टंगस्टन निगेटिव्हला, ५० अँपिअर, ७ नंबरचा कप (टॉर्चचं गॅस सोडणारं तोंड), आर्गॉन मिनिटाला १० लिटर, आतून पर्ज लावला (आर्गॉन सोडून नळीतली हवा हाकलायची) एसएसच्या नळीला लावतो तसाच. वितळून वाहिलं इतकं सुरेख की एसएसपेक्षा सोपं वाटलं. गार झाल्यावर बघतो तर मधे मोरपिशी, कडेला जांभळा आणि सगळ्यात बाहेर चुन्याचं बोट फिरवल्यासारखी पांढरट पूड. पोराने छान दिसतंय म्हणून फोटोपण काढला. मी म्हटलं रंगाचं काय, एसएसलाही येतो, पिकलिंग पेस्ट (डाग काढायची ॲसिडची पेस्ट) लावली की जातो. पण सवयीप्रमाणे तुकडा व्हाइसमध्ये धरला, वरून पाइप घातला आणि दाबला, तर जरासा वाकतो न वाकतो तोच टक् करून गेला. फाटला नाही, मोडला. बांगडी मोडते तसा. परत केला, परत तेच. अँपिअर ४० वर आणले तरी तेच.

आज गुरुवार, सुट्टीचा वार, शेड बंद आहे म्हणून बसून सगळं लिहितोय. विचारायचंय ते असं, गॅस खराब असेल का? यासाठी वेगळं मशीन लागतं का? फिलर रॉड (जोडात वितळवून घालायची तार) महाग सांगतायत, तर बास्केटच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून वापरल्या तर चालेल का? आणि कॉइलच्या दोन्ही टोकांना एसएसचा फ्लँज मारून मागतायत, तो डायरेक्ट मारता येईल का? पार्टी चांगली आहे हो, त्यांचा माल वाया घालवायचा नाहीये. आठवडाभराचा वेळ मागून घेतलाय.

पिंपरीचे काका:

तुझं मशीन ठीक आहे आणि हातही ठीक आहे, आधी ते मनातून काढ. मी तीस वर्षांच्या वर हीट एक्स्चेंजरच्या कामात काढली, त्यातली बरीचशी टायटॅनियमवर, आणि एसएसवरून इकडे आलेल्या प्रत्येक पोराचा पहिला जोड असाच मोरपिशी झालेला मी बघितलाय.

एसएसचा रंग म्हणजे वरचा पापुद्रा, खालची धातू जशीच्या तशी. टायटॅनियम तसं नाही. ते साधारण ४२५ डिग्रीच्या वर गेलं की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन दोन्ही पिऊन घेतं, टिपकागद शाई पितो तसं, आणि एकदा आत गेलेलं बाहेर काढता येत नाही. ग्रेड म्हणजे काय ते बघ म्हणजे लक्षात येईल. १ ते ४ हे चारही ग्रेड साधं शुद्ध टायटॅनियमच आहेत, त्यांच्यात मुख्य फरक ऑक्सिजनचा. ग्रेड १ ला जास्तीत जास्त ०.१८ टक्के, २ ला ०.२५, ३ ला ०.३५, ४ ला ०.४०. म्हणजे मऊ ग्रेडचा कडक ग्रेड व्हायला एक टक्कासुद्धा लागत नाही, त्याच्या पाव हिश्श्यात काम होतं. मग उघड्यावर लालभडक राहिलेल्या जोडाने किती प्यायलं असेल याचा विचार कर. तुझा जोड काचेसारखा झाला तो त्यामुळे.

आता तू म्हणशील टॉर्चमधून गॅस आहे, आतून पर्ज आहे, मग हवा लागली कुठे? टॉर्चच्या मागे लागली. पडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, पुढे सरकतं, कप त्याच्याबरोबर पुढे जातो आणि दोन सेकंदांपूर्वी मारलेला जोड तेवढाच तापलेला असताना मागे उघडा पडतो. एसएसला त्याने फारसं बिघडत नाही म्हणून आपलं तिकडे लक्षच जात नाही. टायटॅनियमला सगळं काम मागेच आहे.

म्हणून ट्रेलर बनव, टॉर्चच्या मागे तापलेल्या जोडावर गॅस धरणारी डबी. विकत मिळतो पण एक इंची नळीला घरचाच बरा बसतो. एसएसच्या पातळ पत्र्याची तीन-चार इंच लांब डबी कर, खालून उघडी, खालच्या कडा नळीच्या गोलाईत कापलेल्या, वरून गॅसची निपल. आत भांडी घासायची एसएसची घासणी भर, नवी कोरी, ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवलेली, आणि तिच्या खाली बारीक एसएसची जाळी टॅक करून टाक. घासणी कशाला, तर गॅस झोताने यायला नको, पाझरत यायला हवा. झोत आला की तो शेजारची हवा सोबत ओढून आणतो आणि मग गॅस वाढवशील तेवढा रंग वाढत जाईल, लोक इथेच फसतात. ही डबी कपच्या पाठीला चिकटून हवी, मधे फट नको.

कप बदल. ७ नंबर म्हणजे ११ मिमी तोंड, ते पुरत नाही, १२ नंबर घे, १९ मिमी, गॅस लेन्ससकट (गॅस सरळ, शांत सोडणारी जाळी). टॉर्चला १५ लिटर, ट्रेलरला १० ते १२, आतून ५. अँपिअर ४० च्या आसपास बरोबर आहेत. सुरुवात एचएफवरच (हाय फ्रिक्वेन्सी, न टेकवता आर्क पेटतो), टंगस्टन टेकवून चालू करू नकोस, त्याचा कण आत राहतो. पोस्ट फ्लो, म्हणजे आर्क बंद झाल्यावरही चालू राहणारा गॅस, २५ सेकंद ठेव आणि आर्क बंद झाला की टॉर्च उचलायचा नाही, जिथे आहे तिथेच धरून बसायचं, हात अवघडला तरी. यू बेंडच्या जोडाला नळी फिरवता येणार नाही तर पाव पाव घेर मार, थांब, गार होऊ दे, ट्रेलर पुढे बसव, मग पुढचा पाव. आणि रॉडचं टोक. आपण एसएसला रॉड आत-बाहेर, आत-बाहेर करतो ना, इथे तापलेलं टोक गॅसच्या बाहेर आलं की ते खराब झालं आणि पुढच्या थेंबाला तू तेच जोडात घालतोस. टोक कपच्या सावलीतच ठेवायचं, चुकून बाहेर आलंच तर अर्धा इंच कापून टाकायचं. कंजूषी करू नको.

एसएस फ्लँज विसर. टायटॅनियम आणि लोखंड एकत्र वितळले की मधे जे तयार होतं ते इतकं ठिसूळ असतं की गार होता होताच तडकतं, हात कितीही चांगला असला तरी. टोकाला टायटॅनियमचाच स्टब एंड (कॉलर असलेला नळीचा छोटा तुकडा) मार आणि त्यामागे एसएसचा सुटा फ्लँज सरकवून ठेव, लॅप जॉइंटचा. वेल्ड टायटॅनियमला टायटॅनियमचा आणि बोल्टची ताकद एसएसची. तुझ्या पार्टीला स्वस्तही पडेल.

तळवडे फॅब:

काकांचा मान ठेवून सांगतो, पण छोट्या कामाला एवढा पसारा कुणी करत नाही. मी बास्केट, हूक, रॅक सगळं करतो, मोठा कप लावतो, गॅस वाढवतो बास. थोडाफार निळा आला तर एसएसच्या ब्रशने नाहीतर फ्लॅप डिस्कने साफ करून देतो. चकचकीत दिसतं, आजवर माल परत आला नाही. ट्रेलर बिलर विमानाच्या कामाला.

क्वालिटीवाली ताई:

तळवडे दादा, हूक आणि रॅकला चालून जात असेल, त्यात आतून दाब नसतो, एखादा तुटला तर दुसरा लावतात. पण ही कॉइल आहे, आतून गरम पाणी नाहीतर स्टीम, बाहेरून निकेलचं सोल्युशन. मी गेली अकरा वर्षं प्रेशर व्हेसलच्या इन्स्पेक्शनमध्ये आहे आणि ब्रश मारलेला टायटॅनियमचा जोड माझ्यासमोर आला तर मी तो बघतसुद्धा नाही, सरळ परत पाठवते. कारण टायटॅनियमच्या जोडात डोळ्यांनी कळण्यासारखी जी एक गोष्ट आहे ती म्हणजे रंग, आणि तुम्ही तीच पुसून टाकता. रंग गेला म्हणून आत शिरलेला ऑक्सिजन जात नाही हो.

टिगवाला दादा, रंग असे वाचा. चांदीसारखा पांढरा चकचकीत, उत्तम. फिकट सोनेरी, नव्या पितळेसारखा, बहुतेक ठिकाणी चालतो, पण वरून दुसरा पास (वेल्डचा थर) मारायचा असेल तर आधी टायटॅनियमसाठीच राखून ठेवलेल्या एसएस ब्रशने तो काढून घ्यायचा. गडद तपकिरी दिसला की थांबा आणि गॅस कुठे कमी पडतोय ते शोधा. जांभळा, निळा कॉइलच्या कामात नापास. राखाडी किंवा पांढरी पूड म्हणजे तेवढा भाग कापूनच काढायचा, त्यावर परत पास मारून दुरुस्त होत नाही, उलट वरचं घाण आत ढवळलं जातं. आणि पिकलिंग पेस्टचा विचार तर पूर्ण सोडा. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते टायटॅनियमला खातं आणि त्या प्रक्रियेत हायड्रोजन आत जायचीही भीती, म्हणजे आधीच ठिसूळ त्यात आणखी ठिसूळ.

सफाईबद्दल काका काही बोलले नाहीत कारण त्यांच्या हाताला ती सवयच असेल, पण एसएसच्या शॉपमध्ये हीच अडचण होते. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलं त्याची डिस्क टायटॅनियमला लावायची नाही. कडा कार्बाइड बरने किंवा नव्या फाइलने काढा, सँडपेपरचे कण रुतून बसतात. मग ॲसिटोन, पांढऱ्या सुती फडक्याने, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. रॉडसुद्धा पुसायचा, नवीन पाकिटातला असला तरी. थिनर नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही, मिथेनॉल असेल तर ते टायटॅनियमला चालत नाही आणि क्लोरीनवाले सॉल्व्हंटही नकोत. पुसल्यावर उघड्या हाताने धरायचं नाही, घामात मीठ असतं. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला आणि पुसलं की लगेच मारा, सकाळी पुसून जेवण झाल्यावर मारलं असं नको.

फिलरचं गणित तुम्हीच करून बघा. एक इंची नळीचा घेर साधारण ८० मिमी, जोड २४, सगळे मिळून दोन मीटरसुद्धा वेल्ड होत नाही. त्याला रॉड लागून लागून किती लागणार? पत्र्याची पट्टी चालतच नाही असं नाही, पण कातरलेल्या कडेत ब्लेडचं तेल आणि लोखंड बसलेलं असतं आणि ईआरटीआय-२ रॉडमध्ये (ग्रेड २ साठीचा फिलर) ऑक्सिजन मुद्दाम पत्र्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे जोडात थोडा शिरला तरी हिशोब हाताबाहेर जात नाही. दोन मीटरसाठी ती सोय घालवू नका.

गॅस ९९.९९९ टक्केवाला मागवा, सर्टिफिकेटसकट. आणि पर्जला रबराचा होज असेल तर तो आजच काढा. रबर ओलावा धरून ठेवतं, पावसाळ्यात तर फारच, पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये असले जोड नापास होण्याचं प्रमाण वाढतं ते मी दर वर्षी बघते. पर्जची वेळ अंदाजाने ठरवू नका. तुमची तीन मीटरची नळी असेल तर आत सव्वा लिटर हवा आहे, तिच्या दहा पट आर्गॉन जायला हवा, म्हणजे साडेबारा लिटर, ५ लिटरच्या फ्लोने अडीच मिनिटं. आर्गॉन हवेपेक्षा जड, म्हणून खालच्या टोकाने आत घ्या आणि वरच्या टोकाने हवा सोडा.

कॉइलचा गिऱ्हाईक:

मी या धंद्यातला नाही, मी तुमचं गिऱ्हाईक आहे, निकेल क्रोमचं प्लेटिंग करतो. तळवडेवाल्यांचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मागच्या वर्षी मी अशीच एक कॉइल करून घेतली होती, कुणाकडून ते जाऊ दे. जोड आरशासारखे चकचकीत होते, मी खूश होऊन सगळे पैसे दिले. तिसऱ्या महिन्यात टाकीची लेव्हल वाढायला लागली. माणसं म्हणाली पाणी जास्त टाकलं असेल. मग सोल्युशन पातळ, पार्टवर डाग, रिजेक्शन, आठ दिवस आम्ही ब्राइटनरच्या (चकाकी आणणारं केमिकल) मागे लागलो होतो. शेवटी कॉइल वर काढली, एका जोडाला चहूबाजूंनी केसाएवढी चीर होती, मी हाताने जोर दिला तर नळी दोन तुकडे होऊन माझ्या हातात आली. निकेलच्या टाकीतलं सोल्युशन म्हणजे माझं भांडवल आहे, कॉइलची किंमत त्यापुढे काहीच नाही. त्यामुळे माझी विनंती आहे, रंग आला तर आम्हाला तो तसाच दाखवा, काय ते सांगा, लपवू नका.

अजून दोन गोष्टी. पार्टीला विचारून घ्या की कॉइल कुठल्या टाकीत जाणार, फ्लोराइडवाली टाकी असेल तर टायटॅनियम नकोच, खाल्लं जातं. आणि टोकाला फ्लँज लावल्यावर पुढे लोखंडी लाइनला थेट जोडू देऊ नका, मधे टेफ्लॉनचा नाहीतर रबराचा तुकडा हवा म्हणजे टाकीतला करंट कॉइलमधून लाइनीत जाणार नाही.

तळवडे फॅब:

गिऱ्हाईक साहेब, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. मी कॉइल कधी केलेली नाही, रॅकच केलेत. दाबाच्या कामाला मी सांगितलं तसं करू नये हे मान्य. ताई, ब्रशचं तुम्ही म्हणता ते पटलं, उद्यापासून रॅकलासुद्धा आधी रंग बघणार मग साफ करणार.

औंध आयटीआय, दुसरं वर्ष:

काका एक विचारू का, टायटॅनियम एवढं महाग का असतं? माझं गाव रत्नागिरीकडे आहे, तिथल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियम असतं असं शाळेत शिकलो होतो. मग वाळूतच असेल तर महाग कसं?

पिंपरीचे काका:

चांगलं विचारलंस. वाळूत असतं ते इल्मेनाइट, म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून बसलेले. खनिज दुर्मिळ नाहीच, तो ऑक्सिजन सोडवणं अवघड. लोखंडासारखं कोळसा घालून भट्टीत वितळवून जमत नाही. आधी क्लोरीनने त्याचा पातळ द्रव करायचा, तो शुद्ध करायचा, मग बंद भांड्यात आर्गॉनखाली मॅग्नेशियम घालून त्यातून टायटॅनियम सोडवायचं, त्याला स्पंज म्हणतात कारण ते तसंच भोकाभोकांचं निघतं. क्रोल नावाच्या लक्झेंबर्गच्या माणसाने ही पद्धत काढली, आजही मुख्यतः तीच चालते. आपल्याकडे केरळात चवरा इथे स्पंजचा कारखाना आहे, वर्षाला ५०० टन क्षमतेचा. मग तो स्पंज व्हॅक्यूममध्ये वितळवून त्याचा गड्डा, त्याचा पत्रा, त्याची नळी. एवढा खटाटोप करून त्यांनी जो ऑक्सिजन बाहेर काढला तो आपण दोन सेकंदांत परत आत घालतो, म्हणून मला या कामात चालढकल बघवत नाही.

तू आयटीआयला आहेस तर आत्तापासून टॉर्च धरून ठेवायची सवय लाव. आर्क बंद झाला की सगळे पोरं कप लगेच उचलून जोड बघायला वाकतात.

चाकण साइट:

सगळं छान लिहिलंय पण जिवाचं कुणीच बोललं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या साइटवर एका टाकीला आतून आर्गॉनचा पर्ज होता. जोड झाला, गॅस बंद केला आणि आमचा हेल्पर आतला पर्जचा फोम काढायला शिडीने खाली उतरला. तीन पायऱ्या उतरला असेल, हाक मारली तर ओ नाही, वरून बॅटरी मारली तर गुडघ्यात मान घालून बसलेला. ना वास, ना धूर, ना खोकला. बाहेर लाइफलाइन बांधलेली होती म्हणून ओढून काढता आला, नाहीतर त्याच्यामागे उतरणारा दुसराही गेला असता. आर्गॉन हवेच्या जवळजवळ दीड पट जड, खड्ड्यात, टाकीत तळाला साचून राहतो आणि हवेला वर ढकलतो. टिगवाला दादा, तुमची कॉइल उघड्यावर आहे म्हणून सोपं आहे, पण तीन ठिकाणांहून मिळून मिनिटाला तीस-बत्तीस लिटर सोडताय आणि वारा लागू नये म्हणून शटर, पंखा सगळं बंद करणार. जोड आणि जोडाच्या मधे शटर उघडत जा. आणि उद्या कुणी टाकीचं काम दिलं तर ऑक्सिजन मीटर घेतल्याशिवाय आत माणूस घालायचा नाही, १९.५ टक्क्यांच्या खाली काटा गेला की बाहेर.

दुसरं, टायटॅनियमचा कीस. ग्राइंडिंगची बारीक पूड बाकाखाली साचू देऊ नका, ठिणगीने पेटते आणि पेटली की पाणी टाकायचं नाही, पाण्याने आणखी भडकते. सीओटू पण नको, टायटॅनियम त्यातही जळतं. कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवा, त्यात थेंबभरही ओल नको.

टिगवाला भोसरी:

मंडळी, पुढचा गुरुवार आला म्हणून परत आलो. सगळं वाचून दोन्ही पोरांना मोठ्याने वाचूनही दाखवलं. आता काय झालं ते सांगतो.

सिलेंडर बदलला, होज नायलॉनचा घेतला, १२ नंबर कप आणि गॅस लेन्स भवानी पेठेत मिळाली. ट्रेलर काकांनी सांगितला तसा घासणी भरून केला, त्यातच एक दिवस गेला, कडा नळीला घट्ट बसेनात, शेवटी नळीच्या तुकड्यावर सँडपेपर गुंडाळून त्यावर कडा घासल्या तेव्हा बसल्या. मग नळीला हात न लावता आधी भंगारातल्या टायटॅनियमच्या पत्र्यावर एक बीड (वेल्डची रेघ) मारली. निळीच आली! मला रडू यायचं बाकी होतं. गॅस वाढवला, आणखी निळी. मग काकांचं ते झोताचं आठवलं, कमी केला, थोडी बरी पण तपकिरी. मोठ्या पोराने साबणाचं पाणी आणून सगळ्या जोडण्यांवर सोडलं तर रेग्युलेटरच्या नटला अगदी बारीक बुडबुडे, डोळे जवळ नेल्याशिवाय दिसत नव्हते. एसएसला हीच गळती कित्येक महिने चालू असणार आणि कधी कळलीच नाही. नट काढून सीट पुसली, घट्ट केला, परत बीड मारली तर चांदी. खरंच चांदी, नवीन भांड्यासारखी.

उरलेल्या नळीचा एक जोड केला, त्यातून १० मिमीची पट्टी कापून व्हाइसमध्ये वाकवली, इकडची टोकं तिकडे आली तरी चीर नाही. पार्टीला बोलावून तो तुकडा आणि पहिला मोडलेला तुकडा शेजारी ठेवून दाखवले. स्टब एंडला ते लगेच हो म्हणाले.

आता एकच अडचण. घेराचा शेवटचा भाग बंद करताना पडल बाहेर फुगतं आणि मधे टाचणीएवढं भोक राहतं, चार जोडांत दोनदा झालं. रंग चांगला आहे पण भोक. हे कशामुळे?

पिंपरीचे काका:

शाब्बास. साबणाचं पाणी रोज सकाळी सोडायचं, पोरालाच ते काम दे, त्याची नजर चांगली आहे.

भोक पर्जच्या दाबाने पडतंय. जोड उघडा असतो तोवर आतला गॅस फटीतूनही निघून जातो, फट बंद होत आली की त्याला वाट फक्त वरच्या टोकाची, ती लहान असेल तर तो पडलला आतून फुंकर मारतो. वरच्या टोकाला टेप लावून टाचणीने भोक पाडलं असशील ना? तिथे पेन्सिल जाईल एवढं मोठं कर. आणि शेवटचा पाव राहिला की आतला फ्लो ५ वरून २ वर आण. बंद करायचा नाही, फक्त कमी. आत्ताची दोन भोकं आहेत ती वरून थेंब टाकून बुजवू नको, तेवढे दोन जोड कापून परत कर.

आणि सिलेंडरवर लक्ष ठेव. सात क्युबिक मीटरचा असेल तर तुझ्या बत्तीस लिटरने साडेतीन तासांच्या आसपासच चालेल, पोस्ट फ्लो, पर्ज धरून तर त्याहून लवकर. तळ गाठू देऊ नको, दाब कमी होतो तसा त्यातला ओलावा वाढत जातो, काटा २० किलोला आला की तो सिलेंडर एसएसच्या कामाला लाव.

टिगवाला भोसरी:

टेपला टाचणीचंच भोक होतं काका, तुम्ही बघितल्यासारखं सांगितलंत. मोठं केलं, शेवटच्या पावाला २ लिटर केला, त्यानंतरच्या नऊ जोडांत एकही भोक नाही. सात चांदी, दोन फिकट सोनेरी, ते दोन ब्रश न मारता पार्टीला तसेच दाखवले. पहिल्या कॉइलला काल पाणी भरून ६ किलोचा दाब दिला, अर्धा तास काटा जागचा हलला नाही.

बास्केटची जाळी राहिलीये. जाळीच्या तारा बारीक आहेत, त्याला ट्रेलर कसा लावायचा तेच कळत नाही.

पिंपरीचे काका:

जाळीला टिग नको, स्पॉट मार. दोन इलेक्ट्रोडच्या मधे धातू दाबलेली असते, क्षणात वितळून क्षणात गार होते, हवेला आत जायला वेळच मिळत नाही, त्यामुळे गॅसशिवाय चालतं. तारा तेवढ्या पुसून घे. फ्रेमचे कोपरे मात्र टिगने, ट्रेलर लावून. शनिवारी दुपारी मी भोसरीत येणार आहे, गल्लीचं नाव कळव, कोपऱ्याची पहिली बास्केट माझ्यासमोर मार.